विश्लेषण : खटले न चालवणारा ‘जज’! अणुबॉम्बच्या निर्णयाआधी हॅरी ट्रुमन काय काम करत होते?

हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यास मंजुरी देणारे अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून हॅरी ट्रुमन (१८८४-१९७२) जगाला माहीत आहेत. मात्र राष्ट्रीय राजकारणात येण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे ते रस्ते, पूल, वृद्धाश्रम आणि कंत्राटदारांची बिले यांतच गुंतले होते. मिसुरी राज्यातील जॅक्सन काउंटीचे ते निवडून आलेले ‘जज’ होते.

काउंटी जज म्हणजे न्यायाधीश?

नाही. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मिसुरीत तिचा कारभार तीन जजचे ‘काउंटी कोर्ट’ पाहत असे. नाव कोर्टाचे, काम मात्र बरेचसे आपल्या जिल्हा परिषदेसारखे. कराचा दर ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, रस्ते बांधणे, सरकारी इमारती सांभाळणे, निराधार वृद्धांच्या आश्रमाची व्यवस्था पाहणे. शेरीफ आणि करवसुली अधिकारी स्वतंत्रपणे निवडून येत. त्यांच्यावर या कोर्टाची हुकमत चालत नसे, पण त्यांच्या खर्चाची तरतूद करावी लागे.

तिकीट कोणी दिले?

पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन असलेल्या ट्रुमन यांचे कॅन्सस सिटीतील कपड्यांचे दुकान १९२२ मध्ये बुडाले. त्याच वर्षी पेंडरगास्ट गटाच्या पाठिंब्यावर ते काउंटीच्या पूर्व भागाचे जज झाले. हा गट म्हणजे शहराचे डेमोक्रॅटिक राजकारण मुठीत ठेवणारी यंत्रणा. १९२४ मध्ये ते हरले. १९२६ मध्ये संपूर्ण काउंटीचे प्रमुख जज म्हणून निवडून आले आणि १९३० मध्ये पुन्हा जिंकले.

खरी कसोटी कोणती?

रस्त्यांची. शेतकऱ्यांना बाजारात माल नेण्यासाठी धड रस्ते नव्हते. त्यासाठी कर्जरोखे काढायचे, तर दोन तृतीयांश मतदारांची संमती आवश्यक होती. ट्रुमन यांनी दोन अभियंत्यांकडून आराखडा करून घेतला, गावोगावी जाऊन तो समजावला. १९२८ मध्ये मतदारांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलर मंजूर केले, १९३१ मध्ये आणखी ३५ लाख.

पैसा आला तसे कंत्राटदारही आले. गटाचा प्रमुख टॉम पेंडरगास्ट याचा स्वतःचाच काँक्रीटचा धंदा होता. कंत्राट सर्वात कमी दराच्या निविदेलाच मिळेल, या भूमिकेवर ट्रुमन ठाम राहिले. तिकीट देणाऱ्यालाच नकार देणे तेव्हाही सोपे नव्हते.

पण पूर्ण स्वच्छ राहता आले का? तर नाही. कॅन्सस सिटीतील पिकविक हॉटेलात बसून त्यांनी काही खासगी टिपणे लिहिली होती. कर्जरोख्यांचा मोठा निधी वाचवण्यासाठी गटाच्या एका माणसाला काउंटीच्या तिजोरीतून सुमारे १० हजार डॉलर लाटू दिल्याची कबुली त्यांत आहे. आपण योग्य केले की गुन्ह्याला साथ दिली, हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत होते. नोकरभरतीत गटाची माणसे घेणेही त्यांना टाळता आले नाही.

पुढे काय झाले?

नवे कोर्टहाऊस बांधण्यापूर्वी ट्रुमन यांनी मोटारीने हजारो मैल फिरून इतर राज्यांतील इमारती पाहिल्या. लुइझियानातील श्रीव्हपोर्टची इमारत आवडली, तेव्हा तिच्या वास्तुरचनाकारालाच सल्लागार नेमले. १९३४ मध्ये कॅन्सस सिटीतील कोर्टहाऊस पूर्ण झाले आणि ट्रुमन सेनेटवर निवडून गेले, तेही पेंडरगास्टच्याच पाठिंब्यावर. पेंडरगास्ट १९३९ मध्ये आयकर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला. सहा वर्षांनी, एप्रिल १९४५ मध्ये, रूझवेल्ट यांच्या निधनानंतर ट्रुमन अध्यक्ष झाले. दुकान बुडाले तेव्हा दिवाळखोरी जाहीर न केल्याने त्याचे कर्ज मात्र ते जजपदाच्या काळातही फेडतच होते.