सुभेदाराच्या मुलाने नाकारलेला हक्क

स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे, ही समजूत आमच्या उदगीरात मी अनेकदा ऐकली आहे. तिचे मला नवल वाटत नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, त्या लढाईला याच गावाचे नाव आहे. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीने या भागातली खेडी रात्र रात्र जागी राहिली. संकट दारात आणि हाती काही नाही, ही अवस्था इथे अजून विसरली गेलेली नाही. त्यात अमेरिकेचे चित्रपट. तिथल्या घटनेत १७९१ च्या दुरुस्तीने असा हक्क खरोखरच दिला आहे.

आपल्या घटनेत मात्र तो नाही. तो नजरचुकीने राहून गेलेला नाही, जाणूनबुजून नाकारलेला आहे. नाकारणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि निःशस्त्र असण्याची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांना ठाऊक होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार, आजोबाही फौजेतले. गावाने ज्यांना पाणवठा बंद केला होता, त्यांना पलटणीने गणवेश, पगार आणि अक्षरओळख दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती थांबवली आणि तोही दरवाजा बंद झाला. शूद्रातिशूद्रांना बंड का करता आले नाही, याचे उत्तर १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्चाटनावरील निबंधात बाबासाहेबांनी दिले : त्यांच्या हातून शस्त्रही काढून घेतले होते आणि विद्याही.

असा माणूस शस्त्राचा हक्क मागेल, असे कुणालाही वाटेल. पण २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा त्यांनी चिडलेल्या अनुयायांना आवरले. जमावात फौजेतून निवृत्त झालेलेही होते. प्रतिहल्ला अवघड नव्हता. बाबासाहेबांनी कोर्टाची वाट धरली आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबई उच्च न्यायालयात तळ्याचा खटला जिंकला. दुसरीकडे फौजेचा बंद दरवाजा उघडावा म्हणून ते झटत राहिले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. १९३१ च्या कराची काँग्रेसनंतर काँग्रेसने तसे वचन दिलेच होते. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. उदगीर अजून बीदर जिल्ह्यात होते. बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे होते : परके सरकार गुलाम प्रजेला शस्त्र देत नव्हते, म्हणून ती मागणी रास्त होती, आता राज्य आपले आहे. कुणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार आणू लागला, तर राज्यकारभार चालणार कसा? नागरिकाचे कर्तव्य मात्र आहे, देशावर संकट आले की शस्त्र उचलण्याचे.

म्हणून घटनेच्या एकोणिसाव्या कलमात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. तो नाकारला तर कारणे नोंदवावी लागतात आणि अपील करता येते. जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क वेगळा. तो फौजदारी कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. आपल्याकडे गफलत होते ती या दोहोंत.

मला वाटते, बाबासाहेबांनी दुबळ्याचे गणित अचूक मांडले होते. बाजारात बंदुका मोकळ्या सुटल्या, तर पहिली बंदूक कुणाच्या वाड्यात जाईल आणि शेवटची कुणाच्या झोपडीत, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मताचा हक्क मात्र वाड्यालाही एक आणि झोपडीलाही एकच.