डेनिस रिची

डेनिस मॅकॲलिस्टर रिची (९ सप्टेंबर, १९४१ : ब्राँक्सव्हिल, न्यू यॉर्क, अमेरिका - ऑक्टोबर, २०११ : बर्कली हाइट्स, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. ते सी या संगणकभाषेचे जनक असून केन थॉम्पसन यांच्याबरोबर त्यांनी युनिक्स ही संगणक प्रणाली घडवली. उपकरणाच्या मेमरीशी थेट पत्त्यावरून व्यवहार करण्याची पद्धत सी भाषेमुळे सर्वत्र रूढ झाली.

शिक्षण आणि नोकरी

रिची यांचे वडील ॲलिस्टर हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. डेनिस यांनी १९६३ साली हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे त्यांनी तेथेच प्रबंध लिहिला, परंतु पीएच.डी. पदवी त्यांना प्रत्यक्षात मिळाली नाही. १९६७ साली ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि २००७ साली निवृत्त झाले.

सी भाषा आणि उपकरणांचे पत्ते

१९६९ साली युनिक्सचा आरंभ पीडीपी-७ या यंत्रावर असेंब्ली भाषेत झाला. नंतर आलेल्या पीडीपी-११ या यंत्रात उपकरणांसाठी वेगळ्या आज्ञा नव्हत्या. पत्त्यांच्या क्षेत्राचा सर्वांत वरचा ८ किलोबाइटचा भाग उपकरणांच्या रजिस्टरांसाठी राखलेला होता. उदाहरणार्थ, टंकयंत्र सज्ज आहे की नाही, हे अष्टमान पद्धतीतील १७७५६४ या पत्त्यावर वाचता येई आणि १७७५६६ या पत्त्यावर अक्षर लिहिले की ते कागदावर उमटे.

थॉम्पसन यांच्या बी भाषेत प्रकारभेद नव्हते. रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिच्यात प्रकार व संरचना यांची भर घालून सी भाषा सिद्ध केली. तिच्यातील पॉइंटर म्हणजे मेमरीतील पत्ता धारण करणारे चल. त्यात उपकरणाचा पत्ता ठेवला की साध्या वाचन-लेखनाने उपकरण चालवता येई. त्यामुळे १९७३ साली युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिता आला. पत्ता चुकल्यास मात्र भाषा अडवत नाही; ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच राहते.

कंपायलर अधिक कुशल झाल्यावर नवी अडचण आली. एकाच पत्त्याचे दुसरे वाचन अनावश्यक समजून कंपायलर ते गाळी. उपकरणाची स्थिती मात्र मधल्या काळात आपोआप बदललेली असे. म्हणून १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकात 'व्होलाटाइल' हा शब्द आला. तो लावलेल्या पत्त्याचे प्रत्येक वाचन व लेखन प्रत्यक्ष करावेच लागते. याच प्रमाणकासाठी सुचवलेल्या 'नोएलियस' या शब्दाला रिची यांनी १९८८ साली कडाडून विरोध केला आणि तो वगळण्यात आला.

लेखन आणि सन्मान

ब्रायन कर्निहॅन यांच्यासह रिची यांनी लिहिलेले सी भाषेवरील पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. रिची व थॉम्पसन यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार आणि २०११ चा जपान पुरस्कार मिळाला.

मृत्यू

१२ ऑक्टोबर, २०११ रोजी रिची राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत होते. लिनक्सचा गाभा आणि त्यातील उपकरणचालक आजही प्रामुख्याने सी भाषेतच लिहिले जातात.