शाळेचे अंतर आणि बाबासाहेब

मानव विकास कार्यक्रमात जालना जिल्ह्यातील मुलींसाठी शासनाने सोपा हिशेब मांडला. शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलीला सायकल, त्याहून लांब असेल तर एस.टी.ची मोफत बस. योजना चांगलीच आहे. पण सगळे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बाबासाहेबांचे बालपण पाहिले की हे कळते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. शाळा गावातच, पायी जाण्याजोगी. तरी रोज सोबत गोणपाट न्यावे लागे. वर्गात त्यावरच बसायचे आणि शाळा सुटली की ते घरी आणायचे, कारण झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. शिपाई नसला की पाणीही नाही. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर खोळंबली. जात कळताच गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर!

हाच मुलगा १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेला, पुढे लंडनला. परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेने लगेच १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. महाड आणि काळारामाच्या सत्याग्रहांवर आम्ही दरवर्षी बोलतो, या वसतिगृहांवर फारसे बोलत नाही. शाळा लांब असेल तर मुलालाच शाळेजवळ राहायला आणायचे, हा त्यांचा उपाय होता.

निजामाच्या राजवटीत जालन्याच्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद. जालन्याहून रेल्वेने ६० किलोमीटरच्या आसपास. खेड्यातल्या पोराला तेवढेही रोज परवडणारे नव्हते, म्हणून नागसेनवनात वसतिगृह होते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. मिलिंदमध्ये शिकलेल्या पिढ्या मराठवाडाभर पसरल्या.

आज मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या लेकरांची शाळा शेकडो किलोमीटर मागे राहते. तिथे ना सायकल कामाची, ना बस. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. आमची मागणी एवढीच, की ते टोळी निघण्याच्या आधी उघडावे. लेकरू एकदा ट्रॅक्टरवर चढले की पाडव्याशिवाय परतत नाही.