मगनवाडीचे अर्थशास्त्रज्ञ : जे. सी. कुमारप्पा

आज जिकडेतिकडे सौरऊर्जेची आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची चर्चा ऐकू येते. शहरांत ई-रिक्षा धावू लागल्या आहेत, शेतांत सौरपंप दिसू लागले आहेत. हा विचार कालपरवाच जन्माला आला असावा, असे आपल्याला सहज वाटते. परंतु कोळसा आणि पेट्रोल यांच्या बळावर उभी राहिलेली समृद्धी टिकाऊ नाही, हे ऐंशी वर्षांपूर्वीच सांगणारा एक अर्थशास्त्रज्ञ आपल्या विदर्भात, वर्ध्याला राहून गेला. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले आणि मुंबईत व्यवसाय सुरू केला. पैसा होता, प्रतिष्ठा होती, पोशाख विलायती होता. पुढे ते अमेरिकेत गेले. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास करताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ त्यांना राज्यकर्त्यांच्या कर आणि खर्चाच्या धोरणात सापडले. हिशेब तपासणाऱ्याने एका साम्राज्याचाच हिशेब तपासला, असे म्हणायला हरकत नाही.

तो प्रबंध घेऊन ते मे १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. गांधीजींनी त्यांना गुजरातमधील मातर तालुक्याच्या पाहणीचे काम दिले. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, ताडगूळ यांचे प्रयोग सुरू झाले. रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा मगनदीप आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर घालवणारी मगनचूल ही तेथलीच. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९३८ साली झाले. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला. १९४५ साली गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यातील मुख्य विचार आपल्या धानपट्ट्यातील माणसाला चटकन समजेल. निसर्गाची संपत्ती दोन प्रकारची असते, असे कुमारप्पा मांडतात. कोळसा, खनिज तेल, लोखंड हा साठा आहे. जेवढा उपसावा तेवढा तो कमी होतो. ऊन, वारा, वाहते पाणी, जंगल, जनावरांची शक्ती हा प्रवाह आहे. बेताने वापरला तर तो पुन्हापुन्हा मिळतो. कोठीतले बियाण्याचे धान खाऊन कोणी आपल्याला सुखी म्हणवत नाही. साठ्यावर जगणे म्हणजे तेच. शिवाय साठा मोजका असल्यामुळे त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत लढाया होतात, हेही त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच दाखवून दिले.

म्हणूनच त्यांना ट्रॅक्टरपेक्षा बैल मोलाचा वाटे. बैल तणस खातो, शेत नांगरतो, बंडी ओढतो आणि शेण देतो. ट्रॅक्टर तेल पितो, पण खत देत नाही. आमच्या घरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांनी बैलजोडी विकली त्याला सहा वर्षे झाली. आता नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि डिझेल महागले की भाडेही वाढते. शेणखत विकत घ्यावे लागते. तरीही बैल परत आणा, असे मी बाबांना म्हणणार नाही. भर पावसात चिखलणी करताना त्यांचे काय हाल होत ते मी पाहिले आहे. बाबांचे कष्ट वाचावेत आणि साठाही उरावा, हा माझा प्रश्न आहे.

तोच प्रश्न नव्या वाहनांनाही विचारावा लागेल. ई-रिक्षातून धूर निघत नाही हे खरे. परंतु तिची बॅटरी ज्या विजेवर भरते, त्यातली बरीचशी वीज कोराडी, चंद्रपूर, तिरोडा अशा ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. म्हणजे धूर रस्त्यावरून उठून दुसऱ्या कोणाच्या तरी गावावर गेला. तीच बॅटरी उन्हावर किंवा वाऱ्यावर भरली, तर मात्र ती गाडी खऱ्या अर्थाने प्रवाहावर चालली. अर्थात, बॅटरीतला धातूही साठ्यातूनच येतो. तो पुन्हा वितळवून वापरायची सोय झाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या कारखान्यांच्या मार्गाने गेला आणि कुमारप्पा एकाकी पडत गेले. अखेरची वर्षे त्यांनी तामिळनाडूतील कल्लुपट्टीच्या आश्रमात काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे मद्रास येथे निधन झाले. पुढे १९७३ साली शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात त्यांच्या विचारांचा आधार घेतला, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे गेले.

मित्रांनो, वर्धा आपल्यापासून फार दूर नाही. मगन संग्रहालय आजही तेथे उभे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल कोठे न्यावी असा प्रश्न पुढच्या वर्षी निघाला, तर सरांनी या नावाचा जरूर विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.