पंडिता रमाबाई आणि ‘फक्त बायबल’



अलीकडे घरभेटीला गेलो की एक विषय हमखास निघतो. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा धाकटा भाऊ रविवारी मिस्साला येत नाही. भाड्याच्या हॉलमधील प्रार्थनेला जातो. विचारले तर सांगतो, आम्ही कोणत्याच पंथाचे नाही, आम्ही फक्त बायबल मानतो. मग घरात वाद होतात. आई कोपऱ्यात बसून रोजरी म्हणते, बाप बोलणे टाकतो. ‘फादर, तुम्हीच काही सांगा’, असे म्हणून सगळे माझ्याकडे बघतात.

या रविवारी मी एका स्त्रीची जीवनकथा सांगतो. हेच म्हणणे त्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात मांडले होते आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली होती. त्यांचे नाव पंडिता रमाबाई. त्यांनी स्थापन केलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव आपण ऐकलेले असते. पण त्यांचा श्रद्धेचा प्रवास आपल्या कॅथलिक घरांतून फारसा सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हे पाप मानले जाई. शास्त्रीबुवांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्रग्रंथांतील आधार काढूनच आपली बाजू मांडली. ही गोष्ट लक्षात ठेवावी. रूढी एका बाजूला, ग्रंथ दुसऱ्या बाजूला, आणि ग्रंथाच्या बळावर रूढीला उत्तर देणारा माणूस, हे दृश्य रमाबाईंच्या घरातच होते. पहाटे काम सुरू होण्याआधी आई मुलीला उठवून श्लोक शिकवी. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला पाठ झाले.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडत असे. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरली दोन भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी वेद-उपनिषदे उघडली. धर्मशास्त्रेही वाचली आणि त्यांच्या लक्षात आले की हे ग्रंथ इतर बाबतींत एकमेकांशी कितीही भांडोत, स्त्रीला आणि शूद्राला खाली ठेवण्यात त्यांचे एकमत आहे. पुढे भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून नोंदणी विवाह केला. मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने दगावले. वय अवघे तेवीस. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. बीज तेथे पडले.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला निघाल्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणे जमले नाही. वाँटेज गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. निघताना त्यांनी ख्रिस्ती होणार नाही असे सांगितले होते. पण २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने स्नानसंस्कार घेतला.

येथे थोडे थांबू या. त्यांचे मन कशाने वळले? स्वतः रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या धर्मभगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. ज्यांना समाजाने टाकले त्यांना या भगिनी जवळ घेतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले आणि कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची भेट, समजावून सांगितला. पुण्यातील परिचयाचे नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाचाही वाटा होता. म्हणजे पुस्तक होते, पण पुस्तकाबरोबर साक्षीदारही होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठ, येथील तो इथिओपियाचा अधिकारी आठवतो ना? रथात बसून यशया वाचणारा, आणि समजावून सांगायला फिलिप्प लागलेला?

पण वाँटेजला लवकरच कुरबुरी सुरू झाल्या. या भगिनी अँग्लिकन असल्या तरी व्रते, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद या बाबतींत आपल्या बऱ्याच जवळच्या होत्या. सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना धर्मशिक्षण दिले. त्यांचे प्रेम आईचे होते, पण अपेक्षाही आईच्याच होत्या, लेकीने ऐकावे अशा. रमाबाई प्रश्न विचारीत. त्रैक्याचे मत बायबलमध्ये नेमके कुठे आहे? अथनेशियसच्या नावाचा श्रद्धालेख मी का मानायचा? बिशप म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी कशी ठरते? चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील दोन बिशपांनी नकार कळवला. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या भर सभेत भाषणे केली होती, तिला हे कसे रुचावे? पुरोहितांच्या एका जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्यात घालण्यासाठी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट कळवले. आपला स्नानसंस्कार इंग्लंडच्या चर्चमध्ये नव्हे, तर ख्रिस्ताच्या वैश्विक सभेत झाला आहे, अशी त्यांची भूमिका होती.

एका क्रुसाचीही गोष्ट आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. माझ्या देशात लॅटिन कोणाला समजते, त्यापेक्षा संस्कृत असावे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. तेव्हा तो हट्ट वाटला. आपल्या ख्रिस्तसभेने लोकांच्या भाषेतील उपासनेचे दार १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत उघडले. हिशेब केला तर रमाबाई जवळजवळ ८० वर्षे पुढे होत्या. हे मी कॅथलिक धर्मगुरू म्हणून मोकळेपणाने मान्य करतो.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात हिंडून उपाशी मुली गोळा केल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या पोरींना दोन वेळ जेवू घालायचे म्हणजे काय, हे ज्याने वसतिगृह चालवले आहे त्यालाच कळेल. मुक्तीचे चर्च कोणत्याही पंथाला जोडलेले नव्हते. १९०५ मध्ये तेथे मोठे प्रार्थना-जागरण झाले, त्याची बातमी जगभर गेली.

आणि मग बायबल. प्रचलित मराठी बायबलातील भाषा रमाबाईंना अवघड वाटे. खेड्यातील बाईला कळेल असे भाषांतर हवे, आणि त्यातील शब्दांना जुन्या पूजाअर्चेचा वास नको, असे त्यांना वाटले. त्यासाठी पिकत्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे १८ वर्षे काम चालले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, पूर्वी दुष्काळात सापडलेल्या.

‘फक्त बायबल’ हे शब्द उच्चारणे सोपे आहे. रमाबाईंनी त्यासाठी आयुष्याची १८ वर्षे दिली. आपल्यापैकी कितीजणांनी एखादे शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आहे? म्हणून हॉलमध्ये जाणाऱ्या पोराला हिणवण्याआधी मी स्वतःला विचारतो, या मुलाला बायबलची भूक लागली तेव्हा आम्ही त्याला काय वाढले?

तरीही मी रमाबाईंशी एका मुद्द्यावर सहमत नाही. त्या संस्कृत पंडिता. ‘शब्दप्रमाण’ म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आपले नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो त्याचा. मग पवित्र शास्त्र हे पवित्र शास्त्र आहे, हे आपल्याला कोणत्या आप्ताने सांगितले? रमाबाईंच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, आपल्यात ७३. ही यादी बायबलच्या कोणत्याही पानावर नाही. ती ख्रिस्तसभेने प्रार्थनेत वाचता वाचता ओळखली, ३९३ मध्ये हिप्पोला आणि ३९७ मध्ये कार्थेजला ती सांगितली, आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठामपणे घोषित केली. पंथ नको म्हणणाऱ्याच्या हातातले पुस्तकसुद्धा कुणीतरी जपून, निवडून, नकलून त्याच्यापर्यंत आणलेले असते. १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात परिषदेने शास्त्र आणि परंपरा यांना एकाच झऱ्याचे प्रवाह मानले आहे, आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे असेही म्हटले आहे. हे दुसरे वाक्य आम्ही धर्मगुरू कधी कधी विसरतो. वाँटेजमध्ये रमाबाईंना हे वाक्य कुणी सांगितले असते तर? कोण जाणे.

केडगावातही शेवटी तेच घडले, असे मला वाटते. मुक्तीच्या मुली बायबल वाचीत, पण रमाबाईंनी निवडलेल्या शब्दांत आणि रमाबाईंच्या जगण्याच्या उजेडात. त्या मुलींसाठी रमाबाई याच आप्त होत्या. स्वतः रमाबाईंनाही भारतात परतल्यावर असे जाणवले होते की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्ताची भेट अजून व्हायची आहे. ती भेट घडण्यास विल्यम हॅसलम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन कारण झाले. पुन्हा एक साक्षीदार.

ज्या घरांत हा वाद चालू आहे त्यांना माझी एक विनंती आहे. पोरगा बायबल घेऊन बसला की उठून जाऊ नका. शेजारी बसा, तोच अध्याय तुम्हीही उघडा. काही अडले तर दोघे मिळून माझ्याकडे या. मला सगळी उत्तरे येतात असे नाही, पण गुरुवारी संध्याकाळी मी घरी असतो.

रमाबाईंचे अखेरचे वर्ष दुःखाचे गेले. त्यांच्यामागे काम सांभाळणार अशी ज्या लेकीवर भिस्त होती, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. रमाबाई आजारी होत्या, तरी त्यांनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, मुक्तीच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडले.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू