नागपूरचे हिस्लॉपसाहेब

यवतमाळहून वर्ध्यावरून नागपुरास जाताना वाटेत बुटीबोरी हे गाव लागते. तेथून जवळच टाकळघाट नावाचे जुने खेडे आहे. ह्या दोन गावांच्या दरम्यान, एका ओढ्याच्या पुरात, इ. स. १८६३ साली एका मिशनरी साहेबांचा अंत झाला. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ते नाव दिले गेले, त्यांची हकीकत आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ती येथे थोडक्यात देत आहो.

रे. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंड देशातील डन्स ह्या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. दगड, किडे व वनस्पती निरखून पाहण्याचा नाद त्यांना लहानपणापासूनच होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. मंडळीच्या कारभारात सरकारचा व जमीनदारांचा हात असू नये, एवढ्यासाठी चारशेंहून अधिक पाळकांनी आपली घरे व वेतने सोडून दिली आणि फ्री चर्च नावाची निराळी मंडळी स्थापन केली. हिस्लॉप त्या मंडळीस जाऊन मिळाले. मद्रास फौजेतील हिल नावाच्या एका अधिकाऱ्याने नागपुरास मिशन सुरू व्हावे म्हणून ह्या मंडळीस द्रव्य देऊ केले होते. त्या कामी हिस्लॉप ह्यांची निवड झाली. १८४४ साली त्यांचा विवाह इरॅस्मा हल ह्या बाईंशी झाला, आणि त्याच वर्षी हे जोडपे जहाजात बसले. डिसेंबरात ती दोघे मुंबईस उतरली व १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचली. त्या काळी आपल्या देशात आगगाडी नव्हती.

त्या वेळी नागपुरावर राजे तिसरे रघोजी भोसले ह्यांचा अंमल होता. आपला वऱ्हाड प्रांत निजामाच्या राज्यात मोडत असे, आणि दोन्ही राज्यांची सीमा म्हणजे आपली वर्धा नदी. मुंबईतील सोबती शेकडो मैल दूर होते. थोड्याच वर्षांपूर्वी गोंड लोकांत काम करण्यास आलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी बरेच जण महामारीने दगावले होते. समुद्रातील एखाद्या एकाकी बेटावर उतरावे, तशीच ह्या जोडप्याची स्थिती होती. तरी त्यांनी धीर सोडला नाही. साहेबांनी मराठीचा अभ्यास नेटाने चालविला आणि १८४६ साली नागपूर शहरात शाळा उघडली. मडमसाहेबांनी मुलींच्या शिक्षणास हात घातला. मुलीला अक्षर शिकविणे त्या दिवसांत लोकांस विपरीत वाटे, हे ध्यानात घेतले म्हणजे हे काम किती कठीण होते ते कळून येईल.

१८४७ साली रे. रॉबर्ट हंटर हे सोबती म्हणून आले. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे १८५५ साली त्यांना परत जावे लागले, आणि कामाचा भार पुन्हा हिस्लॉप ह्यांच्यावर पडला. बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या थोडीच होती. वर्षाच्या शेवटी अहवाल लिहिताना दाखविण्यासारखे काही नसले म्हणजे मन कसे खचते, हे आपल्या उपदेशकांस सांगावयास नको. हिस्लॉप मात्र संख्येकडे न पाहता शाळेत व गावोगावी फिरत राहिले.

फिरतीवर असता त्यांची दृष्टी दोन गोष्टींवर असे. एक, पायाखालची भूमी. आपल्याकडील काळ्या दगडांच्या थरांमध्ये सापडणारे शिंपले व दगड झालेली झाडे त्यांनी हंटरसाहेबांसह गोळा केली आणि त्यांवर विद्वानांच्या सभेपुढे निबंध पाठविले. पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याच्या जातीस हिस्लोपिया हे नाव पडले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रानात राहणारे लोक. ज्यांना गावात कोणी जवळ बसवून घेत नसे, त्या गोंडांजवळ बसून त्यांनी त्यांचे शब्द, चालीरीती व कथा लिहून घेतल्या. प्रधान लोक गात असलेले लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी गोंडी भाषेतच उतरून ठेविले. वर्धा नदीच्या दक्षिणेकडील डोंगरांत राहणाऱ्या कोलामांचीही त्यांनी नोंद केली. ज्या लोकांस सुवार्ता सांगावयाची, त्यांचे आधी ऐकून घेतले पाहिजे, हा त्यांचा क्रम होता.

१८५३ साली रघोजीराजे वारले व पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या धामधुमीत नागपुरातही उठाव होणार असल्याची सूचना एका मुसलमान मित्राने हिस्लॉप ह्यांस आगाऊ दिली, व ती त्यांनी अधिकाऱ्यांस कळविली. परधर्माच्या माणसाने जीव धोक्यात घालून अशी सूचना द्यावी, ह्यावरून शहरात त्यांचे वर्तन कसे असेल ते दिसते. पुढे नव्या राज्यकारभारातील दोष उघड बोलून दाखविण्यासही ते कचरले नाहीत.

१८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्याबरोबर ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले. ४ तारखेस पाहणी आटोपल्यावर बाकीची मंडळी बोरीच्या मुक्कामी निघाली. हिस्लॉप मात्र गावातील शाळेची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. परीक्षा संपवून ते घोड्यावरून एकटेच निघाले. दिवस पावसाळ्याचे, वाटेतील ओढा पाण्याने फुगला होता. मुक्कामावर घोडा तेवढा आला, स्वार आला नाही. लोक शोधावयास धावले, तो पाण्यात त्यांचे प्रेत मिळाले. त्यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसास चारच दिवस उरले होते. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाती हात देऊन इरॅस्माबाईंनी आपला देश सोडला होता, ते आता नव्हते.

त्यांची कागदपत्रे अपुरी राहिली होती. टेंपलसाहेबांनी ती जुळवून १८६६ साली छापली. गोंडांच्या जुन्या कथा जाणू इच्छिणारास आजही त्या पुस्तकाकडे वळावे लागते. त्यांनी लावलेल्या शाळेच्या रोपट्यातून १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले.

वाचकहो, हिस्लॉप ह्यांनी आपल्या श्रमाचे पीक पाहिले नाही. त्यांचे शेवटचे काम म्हणजे एका लहान खेड्यातील मुलांचा धडा ऐकणे. मोठे अधिकारी पुढे गेले असता ते त्या मुलांसाठी मागे थांबले. आपल्या पाड्यावरील शाळेत चारच मुले जमली म्हणून जो शिक्षक उदास होतो, त्याने टाकळघाटच्या त्या संध्याकाळची आठवण करावी. पेरणारा एक व कापणारा दुसरा असला, तरी शेत एकाच धन्याचे आहे.