पैसे नव्हते म्हणून त्यानं स्वतःच तांब्यावर पक्षी कोरले, त्यातले काही आता जगात कुठेच नाहीत

कॅरोलायना पॅराकीट हा पोपट आता कुठल्याच जंगलात दिसत नाही. पिंजऱ्यातला शेवटचा नर १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पण जवळपास ३०० वर्षांपूर्वीच्या एका पानावर तो अजूनही सायप्रसच्या फांदीवर बसलाय. ते चित्र काढणारा गडी म्हणजे मार्क केट्सबी.

जन्म १६८३ चा, इंग्लंडच्या एसेक्समधला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १७१२ मध्ये तो व्हर्जिनियात बहिणीकडे गेला आणि सात वर्षं तिथंच रमला. परतल्यावर लंडनच्या हौशी मंडळींनी त्याच्यासाठी पैसे उभे केले. ज्याच्या संग्रहातून पुढं ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं, तो हान्स स्लोन त्यातलाच. १७२२ मध्ये केट्सबी पुन्हा निघाला, यावेळी कॅरोलायनाला.

त्याकाळी पक्ष्यांची चित्रं बऱ्याचदा मेलेल्या नमुन्यांवरून काढली जायची. केट्सबी शक्यतो जिवंत पक्षी बघून रंगवायचा, आणि पक्षी ज्या झाडावर खातो ते झाडही सोबत काढायचा. रंगांची पेटी वाहायला एक स्थानिक इंडियन असायचा. त्याचं नाव मात्र केट्सबीनं लिहून ठेवलं नाही.

१७२५ च्या सप्टेंबरमध्ये बहामाच्या अँड्रॉस बेटापाशी जहाजाच्या डेकवर पडल्या पडल्या त्यानं सलग तीन रात्री डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांचे आवाज ऐकले. पाकोळ्या हिवाळ्यात पाण्याखाली झोपतात, असं तेव्हा शिकलेले लोकही मानायचे! १७४७ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीपुढं मांडलं, पक्षी झोपत नाहीत, स्थलांतर करतात.

खरी अडचण १७२६ मध्ये लंडनला परतल्यावर आली. पुस्तक छापायचं तर चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरावी लागणार, आणि कोरणाऱ्या कारागिरांचा खर्च झेपणारा नव्हता. मग चाळिशी उलटलेल्या केट्सबीनं जोसेफ गूपी या चित्रकाराकडून ते काम शिकून घेतलं. कारागीर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायचे, यानं पिसं जशी वळतात तशा रेघा ओढल्या. पोटापाण्यासाठी रोपवाटिकेत काम चालूच होतं. पीटर कॉलिन्सन या मित्रानं बिनव्याजी पैसे दिले.

१७२९ ते १७४७ अशी १८ वर्षं २० - २० चित्रांचे भाग निघत राहिले, एकूण २२० चित्रं. पुढं लिनियसनं अमेरिकेतल्या कित्येक पक्ष्यांना शास्त्रीय नावं दिली, ती याच चित्रांच्या आधारावर.

पुस्तक पूर्ण झालं आणि दोनच वर्षांनी, १७४९ च्या डिसेंबरमध्ये केट्सबी गेला. मूळ जलरंगचित्रं १७६८ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जनं विकत घेतली, ती आजही विंडसरला आहेत. त्या पोपटांचे थवे सफरचंदाच्या बागांची नासाडी करतात, हेही केट्सबीनं नोंदवून ठेवलं होतं. पुढं बागायतदारांनी त्यांना गोळ्या घातल्या, त्याचं एक कारण हेच.